पहिल्या गाण्याच्या आधी

वर्ध्याजवळच्या सेलूच्या टॉकीजमध्ये लोक पहिल्या गाण्यावर आत येत. तिकीट खिशात असे, बैल सोडून कडुनिंबाखाली बांधलेले असत, पण माणूस काही आत जात नसे. चहा, पान, तंबाखू, कपाशीच्या गोष्टी. आत सरकारी समाचारपट चालू असे, मग जाहिराती, मग नावांच्या पाट्या, मग शिवणयंत्रावर बसलेली नायकाची आई. टॉकीजच्या कपाळावर एक भोंगा होता. आतला आवाज त्यातून बाहेर यायचा. त्यात गाण्याचा ठेका वाजला की सगळे उठत, बिड्या विझवत, आणि अंधारात एकमेकांच्या पायावर पाय देत आपल्या खुर्च्या शोधत.

यात त्यांचं काही बुडत नसे. नायकाची आई खोकताना दिसली की मागच्या तीन रिळांत काय झालं असेल ते शेजारच्या आंजी गावातल्या कुठल्याही माणसाला सांगता यायचं.

मी तिथे पिक्चरचं मशीन चालवणारा ऑपरेटर होतो. मूळचा वेंगुर्ल्याकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि पावसाळ्यात होडी बंद. चार महिने घरी बसलेला मुलगा पाचव्या महिन्यात शाळेत जात नाही. एका तंबूच्या टॉकीजबरोबर निघालो. मशीन शिकलो, परवाना मिळवला, बारा-तेरा वर्षं गावोगाव फिरलो. आंजीच्या माळावर तो तंबू कायमचा मोडला, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती.

सेलूच्या टॉकीजच्या शेटजींनी माझी एकच परीक्षा घेतली. तुटलेल्या फिल्मचे दोन तुकडे हातात दिले आणि म्हणाले, "जोडून दाखव." जोडले. त्यांनी जोडावर अंगठा फिरवला आणि कॅबिनची किल्ली पुढे केली. कितवी शिकलास, कुठला, कुणाचा, काही नाही. बायकांच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या मावशीने पहिला महिनाभर मला जेवू घातलं. ज्वारीची भाकर माझ्या घशाखाली उतरत नाही हे पाहून ती माझ्यापुरता मूठभर भात वेगळा टाकायची आणि वर टोमणा मारायची, "घे रे कोकन्या, तुया भात. पोट तं भरत नाई याच्यानं, पन तुये डोळे भरते."

त्या दोघांचं हे देणं कधी फिटलं असं मला वाटलं नाही. आणि म्हणूनच मी कायम धास्तावलेला असे. दर शुक्रवारी नवं पिक्चर लागलं की वाटे, या आठवड्यात आपलं काहीतरी चुकणार आणि ट्रंक परत उचलावी लागणार.

ही गोष्ट एकोणऐंशी-ऐंशीची असेल. पिक्चरच्या पेट्या आणायला मी अमरावतीला जात असे. एकदा परतीची गाडी चुकली, म्हणून तिथल्या एका थेटरात बाराच्या शोला जाऊन बसलो. परदेशी पिक्चर होतं, हिंदी आवाज घातलेलं. सायन्सचं पिक्चर. त्यात एक म्हातारा शास्त्रज्ञ असतो. बोललेला शब्द हवेत राहतो, मरत नाही, असं तो शोधून काढतो, आणि तो शब्द पकडायचं यंत्र करतो. मात्र एक अट असते. पकडलेला आवाज एकदाच ऐकता येतो, तोही एकाच माणसाला, कानाला नळी लावून. ऐकला की संपला. त्याची मुलगी बोगद्याच्या कामावर मेलेली असते. तिचे शेवटचे शब्द त्याने डब्यात बंद केलेले असतात. बटण दाबलं की ऐकू येतील, आणि मग कधीच नाही. सगळं पिक्चर म्हणजे बटण न दाबणारा म्हातारा.

मी तोंडात बोट घालून पाहत होतो. माझी आई तिकडे गावी होती. तिला लिहिता येत नव्हतं. पत्रं शेजारचा मुलगा लिहायचा, त्यात शब्द त्याचे असायचे, "आपली तब्येत उत्तम असेल अशी आशा करतो" असे. आईचा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. दोन्ही गावांत फोन होता तो पोस्टात, आणि तो तार करण्यापुरता.

परत आल्यावर शेटजींच्या मागे लागलो. आजवर पिक्चर कुठलं आणायचं यात मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"गाणे किती?" शेटजींनी विचारलं.

"एकही नाही."

"फायटिंग?"

"नाही."

"मंग हाय काय त्याच्यात?"

"एक म्हातारा आहे. आणि एक डबा आहे."

शेजारी त्यांचा साळा बसला होता. वर्ध्याचा एक मॅट्रिक झालेला, आयटीआय केलेला ऑपरेटर त्याच्या ओळखीचा होता आणि त्याला इथे चिकटवायचा त्याचा विचार सगळ्या सेलूला ठाऊक होता. तो हसला. "आता सातवी पास मानूस पिक्चर निवडून राह्यला, जिजाजी!"

बहुधा त्या हसण्यामुळेच शेटजी हो म्हणाले. "आन. तुयावर भरोसा ठेवून राह्यलो मी."

शुक्रवार उजाडला. आमच्या पेंटरने पिक्चर पाहिलेलं नव्हतं. सायन्सचं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने पाटीवर तोंडातून जाळ सोडणारं रॉकेट काढलं. तीनच्या शोला गर्दी बरी होती. समाचारपट झाला, पिक्चर सुरू झालं, आणि मी झरोक्यातून खाली पाहिलं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाकीचे कडुनिंबाखाली. गाण्याची वाट पाहत.

पहिलं रीळ संपलं. त्यात यंत्र, अट, मुलगी, सगळं येऊन गेलं. दुसरं संपलं. तिसरं, चौथं. भोंग्यातून नुसतं बोलणं येत होतं. मध्यंतर झालं तरी गाणं नाही, तेव्हा लोक चिडून आत आले. पुढे तासभर त्यांना काय दिसलं, तर खोलीत बसलेला एक म्हातारा. डब्याकडे हात नेतो, परत घेतो.

"अबे, दाब ना ते बटन!" कुणीतरी ओरडलं.

"करंट लागते का बे त्याले?"

"रॉकेट कुठी हाय?"

शिट्ट्या सुरू झाल्या. आधीपासून आत बसलेल्यांनाही काही ऐकू येईना. मावशी शो सुटल्यावर जिन्यापाशी आली. तीही बाहेरच्या दारावर असायची, आत काय चाललंय ते तुकड्यातुकड्यांनी पाहायची. "बाबू, बुढ्याले काम ना धंदा. दोन घंटे डब्यापाशी बसून राह्यला. काऊन?"

शनिवारी त्याहून कमी लोक आले. संध्याकाळी शेटजींनी बोलावलं. साळा होताच. पडेल पिक्चर आमच्याकडे सोमवारी उतरायचं आणि वर्ध्याहून एखादं जुनं देवाचं पिक्चर यायचं.

"सोमवारी उतरवू," साळा म्हणाला. "अन् ऑपरेटरचं बी पाहून घ्या एकडाव. माया मानूस वर्धेले बसून हाय."

मी म्हणालो, "शेटजी, मंगळवारच्या बाजारापर्यंत राहू द्या. बाजाराचा तीनचा शो होऊ द्या, मग काय ते ठरवा." माझा आवाज कापत होता, पण मी खाली पाहिलं नाही.

"ठीक," शेटजी म्हणाले. "बाजाराचा तीनचा. त्याच्यावर पाहू. पिक्चरचं बी अन् तुयं बी."

रविवारी मी एक उपाय केला. लोकांना गाणं हवं ना, मग देऊ. समाचारपट संपता संपता भोंग्याची वायर आतल्या आवाजापासून तोडून तबकडीच्या मशीनला जोडली आणि एक चालतं गाणं लावलं. कडुनिंबाखालचे सगळे उठले. दोन मिनिटांत थेटर भरलं. मी घामाने भिजलो होतो, पण जिंकल्यासारखं वाटत होतं. ते टिकलं जेमतेम एक रीळभर. आत गाणं नव्हतं, बाई नव्हती, पडद्यावर चष्म्याचा म्हातारा कुणाला तरी हवेतल्या शब्दांचं समजावून सांगत होता, आणि लोक ते ऐकत नव्हते. हुकलेलं गाणं कुठे गेलं ते एकमेकांना विचारत होते. शुक्रवारपेक्षा जास्त शिट्ट्या झाल्या. मध्यंतराला निम्मे निघून गेले.

मध्यंतरात आंजीचे काका जिना चढून कॅबिनच्या दाराशी आले. हे आमचं हुकमी गिऱ्हाईक. कपाशी वेचायची असो की निंदण, आठवड्याला एक पिक्चर ठरलेलं. तंबू मोडला त्याच माळाच्या कडेला त्यांचं वावर होतं, म्हणून मला ओळखायचे.

"ऑपरेटर, भोंग्यात गानं होतं."

"हो."

"आत नाई."

मी पुढचं रीळ मशीनवर चढवू लागलो.

"पिक्चर खोटं नाई बोललं. तू खोटं बोलला." रागावलेले नव्हते ते, तेच जास्त लागलं. "मी तीन कोस सायकल मारत येतो. आता सांग, तो बुढा बटन काऊन नाई दाबत?"

मी सांगितलं. आवाज एकदाच ऐकू येतो, एकालाच. मुलीचा आहे. ऐकला की गेला.

काका जिन्याच्या कठड्याला टेकले. खिशातली बिडी काढली, कॅबिनपाशी ओढायची नाही हे आठवून परत ठेवली. म्हणाले, "मंग हे पयले काऊन नाई सांगतलं?"

"पहिल्या रिळात सांगितलंय, काका."

"पयल्या रिळात कोन असते बे आत?"

त्या रात्री मला झोप आली नाही, पण सकाळपर्यंत माझं ठरलं होतं. नेहमीच्या पिक्चरचं जग आपल्या ओळखीचं असतं. उशिरा आलं तरी त्यात आपली खुर्ची असते. सायन्सच्या पिक्चरचं जग नवं असतं. ते सुरुवातीलाच एक अशक्य गोष्ट सांगतं आणि आपल्याला म्हणतं, एवढी मान. ती ज्याने मानली त्याचं पुढचं सगळं पिक्चर. ज्याने ऐकलीच नाही त्याच्यापुढे नुसता म्हातारा आणि डबा. आणि मी काय केलं, तर सांगायची गोष्ट सांगितली नाही आणि वर एक खोटं गाणं लावलं. पेंटरने रॉकेट काढलं ते न पाहता. मी तर पिक्चर पाहिलेला माणूस होतो.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी चुन्याची बादली घेऊन शिडीवर चढलो आणि पाटीवरचं रॉकेट पांढरं करून टाकलं. पेंटर खालून शिव्या देत होता. मग सायकलरिक्षावर बॅटरी आणि कर्णा बांधला. एरवी पुकारा करायला वेगळा माणूस होता, नायिकेचं नाव घेताना गळा काढणारा. त्या दिवशी मीच बसलो. आयुष्यात चारचौघांत बोललो नव्हतो. बाजारात मिरचीच्या ढिगांपाशी रिक्षा थांबवली.

"आज तीन वाजता सायन्सचं पिक्चर," मी म्हणालो. "या पिक्चरमध्ये गाणं नाही. फायटिंग नाही. रॉकेट नाही."

बाजारात हशा उसळला. "मंग याच कायले, भाऊ?"

"एक म्हातारा आहे. त्याने मेलेल्या मुलीचा आवाज डब्यात पकडलाय. तो एकदाच ऐकता येतो. ऐकला की संपला. ऐकावा का नाही, एवढंच पिक्चर आहे. समाचारपट आधी नाही, मध्यंतरानंतर. तीनची घंटा झाली की पिक्चर. उशीर होत असेल तर आज येऊच नका, उद्या या."

"पाह्य बे, येऊ नका म्हून राह्यला!" एक मिरचीवाली शेजारणीला म्हणाली. "याले पगार कोन देते?"

तेच सात ठिकाणी बोललो. सातव्या वेळेला आवाज कापला नाही.

समाचारपट मागे टाकण्याची मला फार भीती होती. तो दाखवणं सक्तीचं होतं. आधीच दाखवा असा नियम आहे की नाही हे मला नक्की ठाऊक नव्हतं आणि विचारायला गेलो तर कुणीतरी आहे म्हणालं असतं. म्हणून विचारलं नाही. मावशीला म्हटलं, घंटा झाली की दोन्ही दारं लाव. ती म्हणाली, "शेटजीचा साळा आला तरी?" मी म्हटलं, "आला तरी." "हे बेस," ती म्हणाली. "याच्यासाठी तं मी फुकट काम करीन."

तीनला थेटर अर्धंच भरलं होतं. पण जे होते ते खुर्च्यांवर होते. कडुनिंबाखाली नुसते बैल.

कॅबिनच्या झरोक्यातून माणसं दिसत नाहीत, डोकी दिसतात आणि ऐकू येतं. आमच्याकडे पिक्चर कसं चाललंय ते मी शेंगांवरून ओळखायचो. सबंध शोभर शेंगा फुटण्याचा आवाज असे, तव्यावर काही तडतडावं तसा. पहिल्या रिळात तडतड चालू होती. म्हाताऱ्याने अट सांगितली तेव्हा थोडी कमी झाली. तिसऱ्या रिळात त्याचा मित्र लग्नातली आठवण म्हणून एक आवाज ऐकतो, आणि दुसऱ्यांदा बटण दाबतो तर नुसती खरखर. तिथे तडतड थांबली. अट खरी आहे हे लोकांना तिथे पटलं. मी दुसऱ्या मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जुळवत होतो, हात थांबवून ऐकलं. माझ्या मशीनच्या घरघरीशिवाय काही नव्हतं.

मध्यंतरानंतर बोगदा ढासळतो. माणसं आत अडकतात. बाहेर पडायची वाट फक्त त्या मुलीला ठाऊक होती, आणि शेवटच्या शब्दांत तिने तीच सांगितली असावी, असं सगळ्यांना वाटायला लागतं. म्हातारा डब्याजवळ येतो. हात बटणाकडे जातो.

"नको दाबू, बाप्पा!" बायकांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं. बाईचा आवाज, भरलेला. शुक्रवारी याच रिळाला, याच हाताला, लोक दाब म्हणून शिट्ट्या मारत होते. आता कुणी हसलं नाही. म्हातारा नळी उचलतो, थांबतो, आणि ती स्वतःच्या कानाला न लावता बोगद्याच्या तरुण इंजिनियरच्या कानाला लावतो, कारण वाटेच्या खुणा त्यालाच कळणार. बटण दाबतो. इंजिनियर ऐकतो आणि धावत सुटतो. माणसं वाचतात. म्हाताऱ्याने काही ऐकलेलं नसतं.

दिवे लावले तरी लोक उठेनात. मी पेटीवर बसून राहिलो.

जिन्यावर पावलं वाजली. काका होते. "शेवटपावतर मले धाक होता," ते म्हणाले. "म्हटलं, आता हा अखीरले म्हनते, दुसरा डबा होता म्हून. मंग मी तुले सोडलं नसतं. पन नाई. बोलला तसा वागला."

त्यांच्या मागे शेटजी. ते शोला मागच्या रांगेत बसले होते हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "समाचारपट मांगं टाकला?"

"हो, शेटजी."

"इन्स्पेक्टर आला असता तं?"

"दारं बंद होती."

ते हसले नाहीत, पण निघताना म्हणाले, "गुरुवारपावतर चालू दे. अन् शुक्रवारी घरी जा. पंधरा दिस. मायले भेटून ये. तोवर बसू दे त्या वर्धेवाल्याले."

माझा हात किल्लीकडे गेला. पंधरा दिवस वर्ध्याचा माणूस कॅबिनमध्ये, म्हणजे मी गेलोच. ते त्यांना दिसलं असावं. "किल्ली तुयापाशीच ठेव," ते म्हणाले. "त्याले दुसरी देतो. येजो मात्र."

गेलो. दोन दिवस गाड्या बदलत, किल्ली करगोट्याला बांधून. अंगणात आई चुलीसाठी झावळ्या तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "इलंस? पाय धुव आधी." पत्रातल्या कुठल्याच ओळीत हा आवाज नव्हता. मी पायरीवर बसलो आणि तिला म्हटलं, परत एकदा बोल. तिला वाटलं मला ताप आहे.

सोळाव्या दिवशी सेलूला परत आलो. वर्धेवाला जिना उतरत होता. मला पाहून म्हणाला, "कार्बन ओले हाय तुमचे," आणि निघून गेला. मी किल्ली काढली आणि कार्बन उन्हात वाळत घातले.

पुढे तीन-चार वर्षांनी खरंच रॉकेटचं एक पिक्चर आलं. रंगीत, गाण्यांसकट. पहिल्या दिवशी दारं मोडायची बाकी राहिली. त्यात सुरुवातीला सांगतात की त्या ग्रहावर काचेचा टोप काढला की माणूस जागेवर मरतो. आणि मध्यंतरानंतर नायक टोप काढून नायिकेला गाणं म्हणून दाखवतो. खालून एकजण ओरडला आणि थेटरभर एकच हशा. "टोप काढला ना बे यानं! आता मेला पायजे हा!" सोमवारी उतरलं ते. साळ्याने आणलेलं होतं.

त्या दिवशी टोपाची ती चूक सगळ्यात आधी ज्यांनी पकडली ते आंजीचे काका. कारण बाकीचं गाव पुन्हा पूर्वीसारखं पहिल्या गाण्यावर आत येऊ लागलं होतं. ते काही मला बदलता आलं नाही. काका मात्र घंटेच्या आधी येत. रिकाम्या थेटरात एकटे बसून धरणाचं उद्घाटन, मंत्र्यांचे हार, पूर, सगळा समाचारपट पाहत. मी एकदा झरोक्यातून विचारलं, "काका, हे कशाला पाहता?"

"कोन जाने," ते पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "याच्यात बी कायी सांगून ठेवलं असन. मंग मले मांगून इचारत नाई बसाचं."